पित्ताची उघाडी

आत्याने दोन महिने आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात खाज सुटली की निदान ठरलेलं, "पित्त उठलंय", आणि औषधही ठरलेलं. चार आमसुलं वाटीभर पाण्यात भिजवायची, कुस्करायची आणि ते लाल पाणी अंगाला लावायचं. त्याने भागेना तेव्हा तिने कोलंबी सोडली, मग बोंबील, मग सगळंच म्हावरं. "म्हावरं सोडलं तरी खाज काय जात नाय रे," असं ती फोनवर म्हणाली आणि मी हातातलं काम ठेवलं. खारेपाटातल्या बाईने आपणहून म्हावरं सोडावं, म्हणजे दुखणं साधं नाही.

अंगावर पित्त उठतं तेव्हा लाल, फुगीर गांधी येतात. त्या काही तासांत जिरतात आणि दुसरीकडे उठतात. आत्याच्या अंगावर एकही गांध नव्हती. होते ते फक्त नखांचे ओरखडे. खाज तळहातांना आणि तळपायांना जास्त, आणि रात्री अंथरुणावर पडलं की वाढायची. एका डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याने झोप तेवढी यायची. मी तालुक्याच्या गावी रक्ततपासणीची लॅब चालवतो. डॉक्टर नाही, पण रिपोर्ट छापता छापता वीस वर्षं गेली. तिचं रक्त मीच काढलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, ०.९, नॉर्मल. एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम ६८, किंचित वाढलेलं. अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम मात्र ४१२, जे साधारण १३०च्या आत हवं. आणि गामा जीटी ३८६, जे बायकांमध्ये चाळिसाच्या आसपास थांबायला हवं.

हे आकडे बघून मी तिला पहिला प्रश्न विचारला तो लघवीच्या रंगाचा. "कधी चहासारखी होते, कधी साफ," ती म्हणाली. "मी म्हटलं पाणी कमी पडत असेल."

म्हणजे आमसुलवाल्या निदानातला शब्द बरोबर होता, माल चुकीचा होता. मराठीत 'पित्त' या एका शब्दाच्या गोणीत तीन वेगळ्या वस्तू भरल्या आहेत. आंबट ढेकर येतात ते पित्त म्हणजे जठरातलं ॲसिड. अंगावर उठतं ते पित्त म्हणजे त्वचेतल्या हिस्टामीनचा खेळ. आणि तिसरं, खरंखुरं पित्त, हिरवट-पिवळा कडू रस, जो यकृत तयार करतं. मासे साफ करताना आतली हिरवी पिशवी फुटली तर आख्खं कालवण कडू होतं, ते हे पित्त. आत्याचं हे तिसरं पित्त तुंबलं होतं. पूर्ण नाही, अर्धवट. आणि अर्धवट तुंबण्यातच सगळी मेख आहे, कारण यकृत ते इतक्या खुबीने निभावून नेतं की बाहेर कुणाला पत्ताच लागत नाही.

पित्ताची वाट समजून घ्यायला मला आमच्या शेतांपेक्षा चांगलं चित्र सापडलेलं नाही. खारेपाटात खाडीला लागून बाहेरकाठा असतो, मातीचा मोठा बांध. आत भाताची खाचरं. पावसाचं पाणी खाचरातून चरात, चरातून नाल्यात आणि नाल्यातून बांधातल्या उघाडीपाशी येतं. उघाडीचं दार असं बसवलेलं असतं की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडतं आणि भरती आली की खाडीच्या दाबाने आपोआप मिटतं. गोडं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही.

यकृताचीही अशीच मांडणी आहे. हजारो बारीक खाचरं, त्यांतल्या पेशींच्या मधून केसाहून कितीतरी बारीक चर. चरांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या दोन मोठ्या शाखा होतात, उजवी आणि डावी. त्या एकत्र येऊन मुख्य पित्तनळी होते. वाटेत पित्ताशयाची पिशवी एका आडनळीने जोडलेली असते. मुख्य नळी शेवटी लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते आणि तिथे स्नायूचं एक कडं असतं, ती आपली उघाडी. या कड्याला ओडीचं नाव आहे. रुग्गेरो ओडी या इटालियन तरुणाने १८८७ साली, म्हणजे अजून वैद्यकाचा विद्यार्थी असताना, त्याचा सविस्तर अभ्यास मांडला.

या वाटेने दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पित्त वाहतं. त्यात पाणी, पित्तक्षार, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन असतं. पित्तक्षार साबणाचं काम करतात. ओल्या खोबऱ्याच्या वाटणातलं तेल पचतं ते त्यांच्यामुळे. काम झालं की शरीर त्यांतले ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषून यकृताकडे परत पाठवतं. जेमतेम तीन-चार ग्रॅमचा साठा दिवसातून सहा ते दहा वेळा फिरतो. बिलिरुबिन हा मात्र निव्वळ कचरा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्या मोडल्या की त्यांच्या रंगाचं जे उरतं ते बिलिरुबिन, रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम. विष्ठेचा तपकिरी रंग त्याचाच.

आता नळीत खडा अडकला असं धरा. पण असा, की बाजूने थोडं पित्त झिरपत राहतं. उघाडीच्या तोंडाशी ओंडका आडवा अडकावा तसा.

पहिली गोष्ट घडते ती साधी, यांत्रिक. मागे दाब वाढतो आणि नळ्या फुगतात. निरोगी मुख्य नळी सहा मिलिमीटरच्या आसपास असते, वयानुसार थोडी रुंद होते. तुंबल्यावर ती बारा, पंधरा, कधी वीस मिलिमीटरही होते. पित्ताशय शाबूत असेल तर तेही थोडा वेळ भार झेलतं, कारण आलेल्या पित्तातलं पाणी शोषून ते त्याला पाच-दहा पट घट्ट करू शकतं. आत्याचं पित्ताशय सात वर्षांपूर्वीच खड्यांपायी काढलेलं होतं. तिला ही हौदाची सोय नव्हती.

इथे एक प्रश्न पडायला हवा. पित्त पुढे ढकलतं कोण? हृदय नव्हे. यकृताची पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून पित्तक्षार त्या बारीक चरात पंपाने सोडते आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. मीठ टाकलं की काकडीला पाणी सुटतं ना, तसं. म्हणून हा प्रवाह हळू आहे, पण चिवट आहे. नळीत एरवी १० ते १५ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब असतो. तो वाढत वाढत ३० सेंटिमीटरच्या आसपास गेला, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीइतक्या उंच पाण्याचा झाला, की पित्त बनणं थांबतं. अर्धवट अडथळ्यात दाब या मर्यादेच्या अलीकडे घुटमळत राहतो. वाट अरुंद आहे, पण मागून रेटा जास्त आहे, त्यामुळे दिवसाचा हिशेब जवळपास जुळतो. बिलिरुबिन बाहेर पडत राहतं. डोळे पांढरे राहतात.

अडथळा मुख्य नळीत नसून एका शाखेत असेल तर हे लपणं आणखी पक्कं होतं. समजा डावी शाखा पूर्ण बंद झाली, उजवी मोकळी आहे. तर उजवी बाजू आख्ख्या घराचा कचरा एकटी उपसू शकते. मोकळ्या यकृताची ताकद गरजेपेक्षा इतकी जास्त असते की बिलिरुबिन नॉर्मल राहतं, आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या वर जावं लागतं. त्यातून पुढे जे होतं ते मला आजही नवलाचं वाटतं. बंद पडलेला भाग आठवड्या-महिन्यांत आक्रसू लागतो आणि मोकळा भाग वाढू लागतो. एका भावाने शेती सोडली आणि दुसऱ्याने बांध सरकवून कसायला घेतली असं. एकूण वजन जवळपास सांभाळलं जातं. यकृताच्या या सवयीचा सर्जनांनी फायदाही करून घेतला. १९८०च्या दशकात जपानचे मसातोशी माकुउची यांनी मोठ्या शस्त्रक्रियेआधी काढायच्या भागाला आतड्याकडून येणारा रक्तपुरवठा मुद्दाम बंद करायची पद्धत आणली. काही आठवड्यांत उरणारा भाग वाढून तयार होतो आणि मग कापणं सुरक्षित होतं.

याच्या उलट बाजूचा हिशेब असा, की गाठीमुळे दोन्ही शाखा बंद झाल्या तर सगळ्या नळ्या मोकळ्या कराव्या लागतात असं नाही. निम्म्याहून जास्त यकृताला वाट मिळाली तर बहुतेकदा कावीळ उतरते. मात्र जो भाग आधीच सुकलाय त्यात नळी घालून उपयोग नसतो.

इथपर्यंत शेताचं चित्र चालतं. यापुढे ते अपुरं पडतं, कारण पाणी तुंबलं म्हणून खाचर स्वतःला बदलत नाही. यकृताची पेशी बदलते.

पित्तक्षार हे साबण आहेत हे वर सांगितलं. साबण पेशीच्या आत साठला तर तो पेशीचीच पातळ पडदी विरघळवायला लागेल. म्हणून पेशीने आपल्या केंद्रकात एक पहारेकरी बसवलेला आहे, एफएक्सआर नावाचं प्रथिन. ते पित्तक्षारांनाच ओळखतं हे १९९९ साली एकाच वेळी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं. पित्तक्षार वाढले की ते एफएक्सआरला चिकटतात, आणि मग पेशीतला कारभार उलटा फिरतो. कोलेस्टेरॉलपासून नवे पित्तक्षार बनवणारी भट्टी मंदावते. रक्तातून परत आलेले पित्तक्षार आत घेणारं दार ओढून घेतलं जातं. चरात पित्तक्षार ढकलणारे पंप, जमेल तितके, वाढवले जातात. शिवाय जे पित्तक्षार आत अडकलेच आहेत त्यांना रासायनिक शेपट्या जोडून, सल्फेट लावून, कमी जहाल आणि पाण्यात सहज विरघळणारे केलं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचं दार उघडलं जातं.

एरवी पेशीची रक्ताकडची बाजू माल आत घेण्याची आणि चराकडची बाजू बाहेर टाकण्याची. तुंबल्यावर रक्ताकडच्या बाजूवर नवे पंप बसवले जातात, जे निरोगी यकृतात नावालाच असतात. ते पित्तक्षार आणि विरघळणारं बिलिरुबिन उलट रक्तात सोडतात. रक्तातून ते मूत्रपिंडाकडे जातं आणि लघवीवाटे निघतं. म्हणजे आतड्याकडची वाट अडली म्हणून यकृत आपला कचरा शेजाऱ्याच्या परसातून बाहेर काढतं. आत्याची चहासारखी लघवी ही त्या मागच्या दाराची खूण होती. डोळे पिवळे व्हायच्या आधीही लघवी अशी गडद होऊ शकते, आणि बहुतेक जण आत्यासारखंच "पाणी कमी पडत असेल" म्हणून सोडून देतात. तिच्या बाबतीत खडा नळीत वरखाली तरंगत होता. वर सरकला की वाट मोकळी, लघवी साफ. खाली येऊन तोंडाशी बसला की पुन्हा चहा.

खाजही या मागच्या दारातूनच आली. जे आतड्यात जायला हवं ते रक्तात फिरत राहिलं की त्वचेतल्या मज्जातंतूंना त्याची चाळवण होते. यात नेमका दोष कुणाचा, पित्तक्षारांचा की सोबत साठणाऱ्या आणखी कशाचा, यावर संशोधक अजून भांडत आहेत. पण वाट मोकळी केली की खाज जाते, यावर कुणाचं दुमत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, अल्कलाइन फॉस्फटेज. रिपोर्टवर या एन्झाइमपुढे बाण दिसला की लोक विचारतात, "लिव्हर खराब झालं का?" एसजीपीटी वाढणं आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढणं यांत मोठा फरक आहे. एसजीपीटी पेशीच्या पोटात असतं. पेशी दुखावली, फाटली की ते रक्तात सांडतं. पावसाळी काविळीत, म्हणजे दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपटायटिस ए आणि ई मध्ये, ते हजारांत जातं. अल्कलाइन फॉस्फटेज सांडत नाही. पित्त तुंबलं, पित्तक्षार वाढले की पेशी हे एन्झाइम नव्याने बनवायला घेते आणि त्यातलं काही रक्तात येतं. बनवायला वेळ लागतो. म्हणून खडा अचानक अडकला तर पहिल्या दिवशी एसजीपीटी उसळलेलं दिसतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज शांत. त्याला वर यायला एक-दोन दिवस लागतात. उलट, महिनोन्‌महिने अर्धवट तुंबलेल्या नळीत एसजीपीटी आणि बिलिरुबिन दोन्ही जवळपास गप्प आणि अल्कलाइन फॉस्फटेज मात्र तिप्पट. आत्याचा रिपोर्ट तसाच होता. एका शाखेपुरता अडथळा असला तरी हे एन्झाइम वाढतं, कारण तुंबलेला भाग ते बनवतो आणि मोकळा भाग ते आवरून घेत नाही. बिलिरुबिन मोकळा भाग उपसून टाकतो, अल्कलाइन फॉस्फटेज नाही.

फक्त एक ध्यानात ठेवायचं, की हे एन्झाइम हाडांतूनही येतं. वाढत्या वयाच्या मुलांत ते मोठ्यांच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट असणं नॉर्मल आहे. गरोदरपणात वारेतून येतं. म्हणून सोबत गामा जीटी बघतात. हाडांच्या कारणाने ते वाढत नाही. दोन्ही एकत्र वाढली तर बोट पित्ताच्या वाटेकडे वळतं. माझ्याकडे अनेक जण पैसे वाचवायला "नुसतं बिलिरुबिन करा, कावीळ आहे का तेवढं बघायचंय" म्हणतात. अशा तपासणीत आत्या शंभर टक्के ठणठणीत ठरली असती.

यकृताच्या या सगळ्या जुळवाजुळवीला किंमत पडते, आणि ती नळ्यांच्या भिंतींत दिसते. नळ्यांच्या आतलं अस्तर ज्या पेशींचं असतं त्या एरवी क्वचितच विभागतात. दाब वाढला की त्यांना जाग येते. त्या भराभर वाढतात, नळ्या लांब होतात, वेड्यावाकड्या वळतात, त्यांच्या आतला पृष्ठभाग वाढतो. उंदरांची पित्तनळी बांधून केलेल्या प्रयोगांत हे बारकाईने पाहिलं गेलंय. सुरुवातीला यात फायदा आहे. या पेशी बायकार्बोनेट सोडून आपल्यावर क्षारयुक्त पाण्याचा पातळ थर धरतात, त्याने पित्ताची धार बोथट होते. शिवाय त्या थोडे पित्तक्षार शोषून मागे यकृताकडे परतवतात, म्हणजे नळीतला भार हलका. त्यांना पोसायला बारीक रक्तवाहिन्यांचं नवं जाळंही विणलं जातं.

पण या वाढणाऱ्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या भोवतालच्या पेशींना दुखापतीचे निरोप पाठवतात. निरोप मिळाला की नळीभोवतीच्या धागे विणणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर नळीभोवती चढवत जातात. भिंत मजबूत करण्याचा हा प्रयत्न. महिने, वर्षं चालू राहिला तर एका नळीभोवतीचे थर दुसऱ्या नळीपर्यंत पोचतात, मधली खाचरं त्यांच्या कचाट्यात सापडतात, आणि त्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाचा सिरॉसिस. यात दिलासा एवढाच की हे धागे सगळेच कायमचे नसतात. २००१ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की स्वादुपिंडाच्या सुजेने आवळलेली पित्तनळी मोकळी केल्यावर काही रुग्णांच्या यकृतातले धागे खरोखर कमी झाले. यकृताचे तुकडे आधी आणि नंतर तपासून हे बघितलेलं आहे. जितक्या लवकर वाट मोकळी, तितकं परतणं सोपं.

तोवर आतड्याच्या बाजूला वेगळीच टंचाई चाललेली असते. पित्तक्षार कमी पोचले की स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, आणि त्यांच्यासोबत शोषली जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. यातलं के रक्त गोठायला लागतं. म्हणून पित्त तुंबलेल्या रुग्णाचं रक्त सुई काढल्यावर जरा जास्त वेळ येत राहतं. आम्ही त्याचा प्रोथ्रॉम्बिन टाइम बघतो. तो लांबला असेल आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिल्यावर सुधारला, तर यकृत धड आहे, फक्त माल पोचत नव्हता असं समजायचं. इंजेक्शननेही सुधारला नाही तर पेशींनाच मार बसलाय.

उघाडीचं चित्र मला पुन्हा लागतं ते जंतूंसाठी. उघाडीच्या दारात ओंडका अडकला की दोन्हीकडून घात होतो. ओहोटीला आतलं पाणी पुरतं निघत नाही आणि भरतीला दार पुरतं मिटत नाही, खारं पाणी आत शिरतं. पित्तनळीत खारं पाणी म्हणजे आतड्यातले जंतू. वाहतं पित्त त्यांना धुऊन काढतं, साचलेलं पित्त त्यांना घर देतं. म्हणूनच पूर्ण बंद नळीपेक्षा अर्धवट बंद, खड्यांनी अडलेली नळी जास्त वेळा जंतुबाधित होते. आत दाब वाढलेला असेल तर जंतू नळीतून थेट रक्तात ढकलले जातात. उधाणाला बांधाला खांड जाते आणि एका रात्रीत शेत खारं होतं, हे इतकं झटपट असतं. थंडी वाजून हुडहुडी भरणारा ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ ही तीन लक्षणं फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये एकत्र मांडली. ती दिसली तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. कावीळ दिसलीच पाहिजे असंही नाही. खडे असलेल्या माणसाला हुडहुडी भरली तरी तेवढं पुरे.

एक विषयांतर करतो, कारण ते केल्याशिवाय आमच्या भागात काविळीवरचं लिखाण पुरं होत नाही. आत्याला शेजारणीने कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं घाटलं होतं. तो रुग्णाच्या हातांना काहीतरी चोळतो, चुन्याच्या निवळीत हात धुतो, आणि पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. यात आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस असतो. तो चुन्याच्या पाण्यात पिवळा होतो, हात कुणाचेही असोत. माझे, तुमचे, त्या उतरवणाऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात. तरी त्याचं दुकान चालतं, कारण पावसाळी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय चुन्याला जातं. खडा मात्र चुन्याला दाद देत नाही. तो आपला वरखाली करत बसतो, आणि रंग फिका झाला की घरचे म्हणतात, बघा, उतरली.

आत्याची सोनोग्राफी झाली. मुख्य नळी १३ मिलिमीटर. पित्ताशय काढलेल्यांची नळी थोडी रुंद असू शकते, पण इतकी नाही. खालचं टोक आतड्यातल्या वायूमुळे दिसत नव्हतं, ते सोनोग्राफीत नेहमीचंच. मग एमआरआयवर पित्तनळ्यांचं चित्र काढलं, एमआरसीपी म्हणतात त्याला. त्यात पांढऱ्या नळीत काळा ठिपका स्पष्ट दिसला. अकरा मिलिमीटरचा खडा. मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्याला उतरून आम्ही तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. बोटीत ती पूर्ण वेळ तळपाय खाजवत होती.

तोंडातून दुर्बीण घालून आतड्यात जायचं, ओडीच्या कड्याला छोटा छेद द्यायचा आणि फुग्याने खडा ओढून काढायचा, याला ईआरसीपी म्हणतात. कड्याला आतून छेद द्यायची ही युक्ती १९७४ साली जर्मनीत आणि जपानमध्ये वेगवेगळी पुढे आली. त्याआधी अशा खड्यासाठी पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. अगदी बिनधोक नाही. काहींना नंतर स्वादुपिंडाची सूज येते, म्हणून निव्वळ बघण्यासाठी ती आता सहसा करत नाहीत, त्याला एमआरसीपी आहे. काही जणांना खड्याऐवजी नळी आवळलेली असते, तिथे प्लास्टिकचा स्टेंट बसवतात. तो तीनेक महिन्यांनी बदलावा लागतो. उघाडीचं दार काठीने उघडं धरून ठेवण्यासारखंच ते, पाणी जातं पण भरतीही येते, आणि स्टेंटमध्ये हळूहळू जंतूंचा गाळ बसतो. तारीख विसरून राहिलेले स्टेंट ही वेगळीच डोकेदुखी आहे. स्टेंट बसवलेला असेल तर बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहा, देवघराशेजारच्या.

आत्याची खाज चौथ्या दिवशी गेली. पाचव्या दिवशी तिने कोलंबीचं कालवण मागितलं. दोन आठवड्यांनी मी रक्त काढलं तेव्हा अल्कलाइन फॉस्फटेज २३० होतं, ती घाबरली. मी सांगितलं, बनवायला वेळ लागतो तसा संपायलाही लागतो. दोन महिन्यांनी ११८. ज्यांना खरी पिवळी कावीळ झालेली असते त्यांचा पिवळेपणाही असाच रेंगाळतो, कारण काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतं आणि अल्ब्युमिन जुनं होऊन जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, सुटत नाही. नळी मोकळी झाली पण डोळे अजून पिवळे, म्हणून ऑपरेशन फसलं असं कुणी म्हणू नये.

सहा महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत नळी १० मिलिमीटर निघाली. पूर्ववत ती होणार नाही, एकदा ताणलेली भिंत थोडी सैल राहतेच. आत्याने रिपोर्ट उलटा धरून बघितला आणि विचारलं, "मग आता आमसुलं कढीतच घालू ना?"